तांबडा, पांढरा आणि आता हिरवा: पालक-अननसाची स्मूदी कडू का होते?

गल्ली आठवी

मंडळी, दहावीची परीक्षा संपल्यापासून आमचे चिरंजीव सकाळी तालमीत आणि बाकी दिवसभर मोबाईलमध्ये असतात. मागच्या आठवड्यात मित्रांबरोबर कुठल्याशा कॅफेत जाऊन 'ट्रॉपिकल ग्रीन स्मूदी' पिऊन आला. एका ग्लासाचं बिल बघून मी विचारलं, असतं काय बाबा यात? तर म्हणे पालक, अननस, केळ आणि आंबा. म्हटलं एवढंच? कपिलतीर्थ मार्केटमधून एका पिशवीत सगळं येतंय. घरी करू.

तीनदा केली. तिन्ही वेळा माती.

पहिल्यांदा सगळं एकदम भांड्यात कोंबून फिरवलं. फळांचं गरगट झालं, पालकाच्या मात्र बारीक चिंध्या तशाच. पोरगं म्हणालं, "आई, दातात पालक आणि घशात दोरा."

दुसऱ्यांदा फ्रीजरमध्ये ठेवलेले अननसाचे तुकडे दगडासारखे होते, ते तसेच घातले, वर बर्फ. मिक्सरनं हूंऽऽ केलं आणि गप्प झाला. परत सुरूच होईना. दुरुस्तीला न्यायचा म्हणून दोन दिवस पिशवीत भरून दाराशी ठेवलाय.

तिसऱ्यांदा शेजारच्या वहिनींचा मिक्सर आणला. यावेळी म्हटलं पौष्टिक करू. ह्यांनी पहाटे गंगावेशीच्या दूध कट्ट्यावरून समोर धार काढलेलं म्हशीचं दूध आणलं होतं, ते पाण्याऐवजी घातलं. काय सुंदर झाली होती! मी एक घोट घेतला, गोड, दाट, वर फेस. पोरगं आंघोळीला गेलं होतं म्हणून त्याचा ग्लास झाकून ठेवला. अर्ध्या तासानं त्यानं तोंडाला लावला आणि बेसिनकडे पळाला. कडूजार! चव बघितली तर खरंच कारल्यासारखी, आणि खाली फुटलेल्या दुधासारखी कणी. आत्ती देवघरातून बघत होत्या. म्हणाल्या, "चांगलं दूध नासवलंस." आता त्यांचं बरोबर की माझं चुकलं, एवढं सांगा. अननस खराब होतं का? पालक जून होता का?

खासबागकर

वहिनी, पहिल्यांदा नाव बदला. तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, तसा हा हिरवा रस्सा. कोल्हापुरात स्मूदी कोण पितंय? 😄

आणि पोरगं तालमीत जातंय म्हणता, मग थंडाई द्या की. बदाम, खसखस, बडीशेप, मिरी, खडीसाखर, दगडी कुंडीत तासभर घोटायची. बदाम घोटणाऱ्याचाच निम्मा व्यायाम होतोय.

प्रयोगवही

आत्तींचं निदान बरोबर आहे, दूध नासलंच. पण ते अननसानं नासवलं, तुम्ही नाही.

मटण लवकर शिजावं म्हणून कच्ची पपई लावता ना? पपईच्या चिकात पपेन असतं, ते मांसातली प्रथिनं तोडतं. अननसात तसंच ब्रोमेलेन असतं. दुधात घातलं की ते केसिन नावाच्या प्रथिनावर तुटून पडतं आणि जे बारीक तुकडे होतात त्यातले बरेच चवीला कडू असतात. म्हणून पहिला घोट गोड लागला आणि अर्ध्या तासानं कडू. एन्झाइमला वेळ मिळाला, दुसरं काही नाही. कणी दिसली ती आंबटपणानं आणि ब्रोमेलेननं मिळून फाटलेलं दूध. भरपूर अननस खाल्ल्यावर जीभ चुरचुरते, त्यातही याच ब्रोमेलेनचा हात असतो.

उपाय तीन. एक, अननस आणि दूध किंवा दही एकत्र करूच नका. दोन, करायचंच असेल तर तुकडे दोन-तीन मिनिटं चांगले उकळून गार करा. उष्णतेनं ब्रोमेलेन निकामी होतं. डब्यातलं अननस डबाबंद करताना तापवलेलं असतं, म्हणून ते दुधात कडू होत नाही. फ्रीजरमध्ये ठेवून मात्र उपयोग नाही, गारठ्यानं ते नुसतं झोपतं, मरत नाही. तीन, करून लगेच प्या.

तुमचं अननसही चांगलं होतं आणि पालकही. उगाच मार्केटात जाऊन भांडू नका.

गल्ली आठवी

अहो, मटणाच्या पपईचं उदाहरण दिलंत आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. रविवारी आत्ती स्वतः पपई किसून लावतात मटणाला! त्यांना सांगितलं तर म्हणाल्या, "मग मी काय म्हणत होते?"

मिक्सरवाला भाऊ

ताई, मिक्सर पिशवीतनं बाहेर काढा. दुकानात न्यायच्या आधी उलटा करून बुडाला बघा. एक लाल बटण असतंय, शेंगदाण्याएवढं. लोड जास्त झाला की ते आपोआप बाहेर येतंय आणि करंट तोडतंय. प्लग काढा, मशीन पंधरा-वीस मिनिटं थंड होऊ द्या, मग बटण आत दाबा, टक् असा आवाज येईल. आमच्याकडं महिन्याला कितीतरी मिक्सर नुसतं बटण दाबून परत जातात. गिऱ्हाईकाचं तोंड बघण्यासारखं असतंय. जळका वास उग्र आला असेल आणि बटण दाबूनही चालू होत नसेल तर मग वायंडिंग गेलं, तेव्हा आणा.

आता चिंध्यांचं. आपला घरचा मिक्सर चटणीला, वाटणाला बनवलाय. मसाला, खोबरं, लसूण ते झकास वाटतंय कारण माल जड असतोय, पात्याखाली खाली पडतोय. पालकाचं पान हलकं. ते पात्यावर तरंगतंय, झाकणाला जाऊन चिकटतंय आणि खाली फळं फिरत राहतात. म्हणून पान पहिलं. छोट्या चटणीच्या भांड्यात पालक आणि पान जेमतेम बुडेल एवढंच पाणी, बस्स. पाणी जास्त घातलं की पान पात्यापासनं पळतंय. इंचरवर तीन-चार झटके द्या, मग एक मिनिट सलग. बोटावर घेऊन चोळून बघा, कण लागला तर परत. एकदम मेंदीच्या घोळासारखं झालं की मोठ्या भांड्यात काढा आणि मग फळं.

बर्फाचे मोठे खडे आणि दगड झालेली फळं डायरेक्ट नको. दहा मिनिटं बाहेर ठेवा, सुरी शिरायला लागली की घाला. भांडं पाऊणच्या वर भरू नका आणि चालू असताना झाकणावर हात ठेवा. आमच्या घरात सिलिंगवर अजून डाग हाय. बायको पाव्हण्यांना दाखवती.

गल्ली आठवी

बटण सापडलं!!! अकरा वर्षं मिक्सर वापरतेय, बुडाला बटण असतं हे माहीतच नव्हतं. टक् झालं, सुरू झाला. भाऊ, तुम्हाला हिरव्या रस्स्याचा पहिला ग्लास.

पेंडीवाली

मी लक्ष्मीपुरीत बाजार करतो. (होय, बाईच आहे. कोल्हापूरची आहे म्हणून 'करतो, येतो' लिहितो. ज्यांना कळतंय त्यांना कळतंय.)

पालकाची पेंडी घेताना पान तळहाताएवढं किंवा त्याहून लहान बघा. देठ बोटानं मोडला तर टचकन मोडला पाहिजे. वाकला आणि दोरा निघाला की तो भाजीला, स्मूदीला नाही. तुमच्या पोराच्या घशातला दोरा तिथला. जाड देठ खुडून टाका, ते डाळीत जातात.

आता उन्हाळ्यात पालक लवकर मलूल पडतोय आणि एकदा वळीव झाला की पेंडीच्या मध्ये चिखल आणि सडकी पानं. सकाळी सातच्या आत जायचं. पेंडी विस्कटून मधलं बघायचं, भाजीवाली मावशी बोलली तरी.

धुणं महत्त्वाचं, कारण कच्चं पोटात जाणार. मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी घ्या, पानं बुडवा, हलवा, दोन मिनिटं सोडा. माती खाली बसती. मग पानं वरनं हातानं उचलून काढा. पातेलं चाळणीत ओतायचं नाही, नाहीतर खाली बसलेली माती परत पानावर. तळ स्वच्छ दिसेपर्यंत, तीन पाणी तरी. पावसाळ्यात मी कच्चा पालक घालतच नाही. उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट, लगेच गार पाण्यात.

दुसऱ्या भाज्यांचं विचाराल तर मेथी कडू. शेपू घातला तर घरात कुणीच बोलणार नाही तुमच्याशी. चुका आंबट आहे, चार पानं चालतात, लिंबाचं काम करतात. पोकळा आणि तांदळी शिजवूनच बऱ्या. शेवग्याचा पाला घालायचा तर चमचाभर, नाहीतर उग्र लागतंय. पुदिना मात्र आठ-दहा पानं घालाच. पालकाचा कच्चा वास त्यानं झाकला जातो.

पुणेरी जावई

अतिशय माहितीपूर्ण. एक शंका: पालकाची 'पेंडी' म्हणजे जुडी का? आमच्याकडे पेंडी कडब्याची असते, गुरांसाठी.

पेंडीवाली

जुडी म्हणजे काय असतंय? 😇

खासबागकर

जावईबापू, पुण्यात जी जुडी मिळते ती आमच्या पेंडीतलं एक पान. नाद करायचा नाही.

घोटभर

विषयांतर नको म्हणून थोडक्यात विचारतो. मला दोन वर्षांपूर्वी मुतखडा झाला होता. घरात आता मुलीनं रोज हिरवी स्मूदी सुरू केलीय आणि मलाही ग्लास येतो. प्यावी की नाही?

ताटवाटी

विषयांतर मुळीच नाही, हा प्रश्न आधीच यायला हवा होता. आहारतज्ज्ञ म्हणून काम करते, म्हणून जरा सविस्तर.

पालकात ऑक्झलेट भरपूर असतं, रोजच्या पालेभाज्यांत त्याचा नंबर अगदी वरचा. बहुतेक मुतखडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात. तुमचा खडा कुठल्या प्रकारचा होता ते जुन्या रिपोर्टमध्ये बघा किंवा तुमच्या डॉक्टरांना विचारा. ऑक्झलेटचा असेल तर रोजचा कच्च्या पालकाचा ग्लास तुमच्यासाठी नाही, मुलीला प्रेमानं सांगा. भाजी म्हणून आपण पालक आठवड्यातून एकदा खातो, तोही शिजवून आणि चार जणांत वाटून. स्मूदीत अर्धी पेंडी एकट्याच्या पोटात कधी जाते ते कळत नाही. तिथं खरी गोम आहे.

पालक उकळत्या पाण्यात घालून ते पाणी ओतून दिलं की ऑक्झलेट बऱ्यापैकी कमी होतं. शिवाय कॅल्शियमबरोबर खाल्लं की आतड्यातच ते एकमेकांना धरतात आणि शरीरात कमी शोषलं जातं. म्हणजे पालक आणि दही ही जोडी चांगली. आता गंमत बघा, अननसाबरोबर दही चालत नाही. तेव्हा दही घालायचं तर आंबा घ्या आणि अननस घ्यायचं तर शहाळ्याचं पाणी. दोन वेगळ्या स्मूदी समजा.

रक्त पातळ करायची वॉरफरिनसारखी गोळी चालू असेल त्यांनी अचानक रोज पालक सुरू करू नये. त्यात व्हिटॅमिन के फार असतं आणि गोळीचा हिशोब बिघडतो. घरात ज्येष्ठ असतील तर हे आधी विचारा.

गल्ली आठवी, तुमच्यासाठी एक. गंगावेशीचं दूध कितीही ताजं आणि डोळ्यासमोरचं असलं तरी उकळून घ्या. कोल्हापुरात हे बोलणं म्हणजे शिव्या खाणं, कल्पना आहे मला, पण कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिससारखे आजार येतात आणि म्हैस समोर उभी आहे म्हणून ते टळत नाहीत.

खासबागकर

ताई, आमचे आजोबा ऐंशीव्या वर्षापर्यंत कट्ट्यावर उभं राहून लिटरभर प्यायचे.

ताटवाटी

आजोबांना नमस्कार. दूध उकळा.

खासबागकर

बरं. 🙏 मग गूळ तरी घालू की नको? आपला कोल्हापुरी गूळ, जीआय मानांकन मिळालेला.

ताटवाटी

पिकलेला आंबा आणि केळं असताना गूळ कशाला? फळ चावून खाताना एका केळ्यावर पोट थांबतं. वाटून प्यायलं की केळं, आंबा आणि अननस दोन मिनिटांत आत जातात. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेचा सल्ला तर फळांचा रस आणि स्मूदी मिळून दिवसाला १५० मिलीच घ्या असा आहे. म्हणजे आपला चहाचा मोठा कप. मधुमेह असेल तर फळ अख्खंच खा.

अजून एक. पालकातलं लोह शरीराला सहज मिळत नाही, पण बरोबर व्हिटॅमिन सी असलं तर शोषण सुधारतं. अननस, लिंबू, आंबा यांचा तो खरा उपयोग. थंडीत पेरू घाला, त्यात संत्र्याच्या कितीतरी पट सी असतं. बिया आवडत नसतील तर गाळून घ्या.

प्रयोगवही

केळ्याबद्दल मध्यंतरी एक बातमी फिरत होती, स्मूदीत केळं घालू नका म्हणून. २०२३ साली प्रसिद्ध झालेला तो अभ्यास खरा आहे. केळ्यात पॉलिफिनॉल ऑक्सिडेज भरपूर असतं, कापलेलं केळं काळं पडतं ते त्याच्यामुळे. केळं घातलेली स्मूदी प्यायलेल्यांच्या रक्तात फ्लॅव्हॅनॉल नावाच्या द्रव्याचं प्रमाण, तेच द्रव्य कॅप्सूलमधून घेतलेल्यांपेक्षा ८४ टक्के कमी आढळलं. पण फ्लॅव्हॅनॉल म्हटलं की सफरचंद, द्राक्षं, बेरी, कोको, चहा. पालक-अननसाच्या ग्लासात कुणी त्यासाठी बसलेलं नाही. तेव्हा केळं खुशाल घाला, दाटपणा त्याच्याशिवाय येत नाही.

रंकाळ्याची हवा

माझी स्मूदी चवीला ठीक होते, पण रंग! हापूस घातला की शेवाळी. एकदा महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी घातली तर पंचगंगेचं पुराचं पाणी. घरात कुणी ग्लासाला हात लावेना. कॅफेवाले काय रंग घालतात का?

प्रयोगवही

घालत असतील-नसतील, पण न घालताही जमतं. हिरव्यात लाल मिसळलं की तपकिरी होणारच, रंगपेटीतलंच गणित आहे. अननस आणि केळं फिक्कट, म्हणून त्यात हिरवा उठून दिसतो. शिवाय आंबट फळाच्या संगतीत हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम निघून जातं आणि हिरवा रंग हळूहळू मळकट होतो. ताज्या ग्लासाचा आणि दुपारपर्यंत फ्रीजमध्ये ठेवलेल्याचा रंग शेजारी ठेवून बघा. लिंबू सगळ्यात शेवटी पिळा आणि बसून राहू नका.

आंब्याची करायची तर रंगाचा नाद सोडा. स्टीलच्या पेल्यात द्या.

पुणेरी जावई

मुळात 'ट्रॉपिकल' म्हणजे काय याची गंमत वाटते. आंबा तर आपला घरचा. अननस, पपई, पेरू मूळचे अमेरिका खंडातले, पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आले आणि 'अननस' हे नावही तिकडूनच. पण आता इतकी शतकं इथं काढल्यावर त्यांना विदेशी म्हणायची सोय नाही. युरोपात जे ट्रॉपिकल ते आपल्याकडे मार्केटच्या कोपऱ्यावरचं. आणि केळं दुधात कुस्करलं की शिकरण, मिक्सरमधून काढलं की स्मूदी.

खासबागकर

आणि कॅफेत दिलं की पाचशेची नोट. बरोबर बोललात जावईबापू.

गल्ली आठवी

मंडळी, चौथा प्रयोग काल सकाळी झाला. वृत्तांत देते.

पालकाची मूठभर कोवळी पानं, मोजली तर अठरा भरली. पेंडीवालीनं सांगितल्याप्रमाणे पाण्यातून वर उचलून धुतली. पहिल्या पाण्याच्या तळाला जी माती बसली ती बघून मागच्या तीन वेळचं आठवलं आणि अंगावर काटा आला. उकळत्या पाण्यात बुडवून लगेच गार केली. छोट्या भांड्यात पालक, पुदिना, आल्याचा नखभर तुकडा आणि शहाळ्याचं पाणी पानं बुडतील एवढंच. तीन झटके, मग एक मिनिट. झाकण काढलं तर खरंच मेंदीचा घोळ! बोटानं चोळलं, कण नाही.

मोठ्या भांड्यात दीड वाटी अननस (रात्री फ्रीजरमध्ये ठेवलेलं, दहा मिनिटं आधी बाहेर काढलेलं), एक केळं आणि उरलेलं शहाळ्याचं पाणी. वर तो घोळ. पाऊण भांडं, झाकणावर हात. शेवटी अर्धं लिंबू आणि चिमूट सैंधव मीठ. मीठ माझ्या मनचं, पन्ह्यात घालतो तसं. आंबट-गोड दोन्ही वर येतं.

रंग पोपटी. तीन कप झाली. पोरगं प्यायलं, ओठावर हिरवी मिशी घेऊन म्हणालं, कॅफेतली जास्त गोड होती पण ही चालेल. दहावीच्या पोराकडून 'चालेल' म्हणजे सुवर्णपदक.

मुद्दाम एक कप तसाच ठेवला. अर्ध्या तासानं प्यायले. वर फेस आणि खाली पाणी असं वेगळं झालं होतं, चमच्यानं ढवळलं की परत एक. कडू थेंबभर नाही.

आत्तींनी वास घेतला, म्हणाल्या पुदिन्याचं पाणी आहे होय, आणि अर्धा कप प्यायल्या. मग विचारलं, "यात खोबऱ्याचं दूध घातलं तर?" सोलकढी करणाऱ्या बाईच्या डोक्यात तेच येणार. प्रयोगवही, नारळाचं दूध अननसाबरोबर चालेल का? की तेही कडू?

प्रयोगवही

बिनधास्त. नारळाच्या दुधात प्रथिनं कमी आणि केसिन तर नाहीच, त्यामुळे आपल्या जिभेला कडवटपणा जाणवत नाही. फक्त पहिल्या काढीचं दाट घेऊ नका, दुसऱ्या काढीचं पातळ घ्या. नाहीतर बर्फागार फळांबरोबर चरबी गोठून वर गोळ्या येतात. आत्तींना सांगा, हा प्रश्न या धाग्यावरचा सगळ्यात चांगला होता.

मिक्सरवाला भाऊ

ताई, ऐकून बरं वाटलं. भांड्याखाली ओलं होतंय का तेवढं बघा. काळं पाणी गळत असेल तर बुश झिजलाय. फार खर्च नाही, पण तसंच चालवलं तर पाणी मोटरमध्ये उतरतंय आणि मग लाल बटण दाबून काय होणार नाही.

गल्ली आठवी

आत्ताच उलटा करून बघितला. ओलं आहे. 😐 शनिवारी येते.

घोटभर

रिपोर्ट सापडला. ऑक्झलेटचाच खडा होता. मुलीला सांगितलं. माझ्या ग्लासात आता नुसतं शहाळ्याचं पाणी येतं आणि पालक तिच्या ग्लासात. ताटवाटी, आभार.

पुणेरी जावई

आज आमच्या मंडईत मुद्दाम म्हणालो, "एक पेंडी पालक द्या." भाजीवाल्यानं वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "म्हैस किती दूध देते?"